अकरा हजार फूट

नारायणगाव मागे टाकून खोडदच्या रस्त्याला लागले की उसाच्या आणि कांद्याच्या रानांतून लोखंडी तबकड्या डोके वर काढू लागतात. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची. अशा ३०, त्यांतल्या १४ खोडदपाशी एकवटलेल्या, बाकीच्या तीन दिशांना दूरवर पांगलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ही रेडिओ दुर्बीण उभारायला हा परिसर निवडला, त्याचे एक कारण साधे होते. इथे रेडिओलहरींचा गोंगाट कमी होता. आजही दुर्बिणीच्या आवारात शिरताना मोबाइल बंद करावा लागतो.

संपादकांनी यंदा विषय दिला तो ‘युद्ध आणि पडदा’. त्यासाठी खोडदला कशाला जायचे? पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभातचा जुना स्टुडिओ आहे, जवळच चित्रपट संग्रहालय आहे. तिथे बसून लेख होईल की! तिथे गेलोच. पण सिनेमाचा इतिहास आपण नेहमी स्टुडिओच्या फाटकातून पाहतो. खोडदसारख्या गावातून, म्हणजे प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले की दुसराच प्रश्न समोर येतो. १९३९ पर्यंतचा मराठी सिनेमा पुण्या-कोल्हापुरात घडणारा, अत्रे-खांडेकरांच्या लेखणीवर चालणारा, मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात रमणारा होता. संतपट तेवढे सर्वांचे. दुसरे महायुद्ध संपल्यावर दोनच वर्षांत तोच सिनेमा फेटा बांधून, डफ-तुणतुणे घेऊन गावच्या जत्रेत कसा काय उभा राहिला?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला वाटेत पॅरिसही लागले.

जत्रेतला पडदा

जुन्नर-आंबेगावच्या या पट्ट्यात करमणुकीचे पंचांग जत्रांवर चालते. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, फडमालकाशी घासाघीस होते, सुपारी ठरते. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड इथला. भाऊंची मुलगी विठाबाई इथूनच महाराष्ट्रभर गाजली. जत्रेच्या त्याच मैदानावर, तमाशाच्या शेजारी, सिनेमाचा तंबूही पडायचा.

तंबूचा कारभार मोठा खटपटीचा. प्रोजेक्टर, कापडी पडदा, तंबूचे खांब आणि कनाती, वीज तयार करणारे इंजिन आणि सगळ्यांत मोलाची वस्तू म्हणजे फिल्मच्या रिळांच्या पत्र्याच्या पेट्या. दिवा म्हणजे दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये पेटणारी ठिणगी. कांड्या झिजत जात तशा ऑपरेटरने त्या पुढे सरकवायच्या, नाहीतर पडद्यावरचा राजा काळवंडायचा. लोक जमिनीवर बसत, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. इंजिनाची धडधड सुरू झाली की खेळ लागणार हे शेजारच्या वाडीलाही कळे.

या सगळ्या पसाऱ्याला युद्धाने एकेका टोकाने हात घातला. पेट्रोलचे रेशन आले, सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या, रॉकेल मिळेनासे झाले. पण खरा फास बसला तो पत्र्याच्या पेटीतल्या मालावर.

माल परदेशचा, कुलूप सरकारचे

तेव्हा हिंदुस्थानात सिनेमाची कोरी फिल्म तयारच होत नव्हती. ती येई अमेरिका-इंग्लंडच्या कोडॅककडून, जर्मनीच्या अग्फाकडून, बेल्जियमच्या गेव्हार्टकडून. (आपला स्वतःचा कारखाना, उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स, साठच्या दशकातला.) सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन माल बंद झाला. मे १९४० मध्ये बेल्जियम पडले, गेव्हार्टची वाट बुजली. उरला तो कोडॅक, आणि त्याला पाणबुड्यांच्या समुद्रातून यायचे होते. त्यातून लष्करालाही फिल्म हवीच होती, टेहळणीसाठी आणि प्रचारासाठी.

१९४२ मध्ये सरकारने चित्रपटाच्या लांबीवर मर्यादा घातली: अकरा हजार फूट. बोलपट यंत्रातून मिनिटाला नव्वद फूट सरकतो. म्हणजे दोन तास आणि वर दोन मिनिटे. गाणी, उपकथानके, विनोदी जोडी असा अडीच-पावणेतीन तासांचा ऐवज देणाऱ्या दिग्दर्शकांना ही कात्री पटकथेपासूनच लावावी लागली. जाहिरातीच्या झलकीला ४०० फूट, त्याहून जास्त नाही. जुलै १९४३ मध्ये तर कोरी फिल्म विकणे-घेणेच परवान्याखाली आले. कोणत्या निर्मात्याला किती कोटा, हे सरकार ठरवू लागले आणि युद्धाला मदत होईल असे चित्रपट काढण्याची अपेक्षा त्या कोट्याला चिकटली. त्याच वर्षापासून चित्रपटगृहांना प्रत्येक खेळासोबत सरकारमान्य वार्तापट आणि माहितीपट दाखवणे सक्तीचे झाले. हे नियंत्रण उठायला १९४५ चा अखेर उजाडला.

सेन्सॉर तयार चित्रपटातली चार वाक्ये कापतो. कोटा देणारा मात्र कोणता चित्रपट जन्माला येणार, हेच ठरवतो. युद्धकाळातल्या सिनेमाविषयी बोलताना आपण कापलेल्या वाक्यांच्या कथा फार रंगवतो. न निघालेल्या चित्रपटांची मोजदाद कोण करणार?

व्हेनिसहून दोन वाटा

१९३७ च्या व्हेनिस महोत्सवात प्रभातचा ‘संत तुकाराम’ दाखवला गेला, त्याची गोष्ट मराठी माणसाला पाठ आहे. त्याच वर्षी, त्याच महोत्सवात फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारचा ‘ग्रँड इल्यूजन’ही होता, पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांचा, युद्धाचा पोकळपणा दाखवणारा चित्रपट. देहूचा वाणी आणि फ्रेंच युद्धकैदी मुसोलिनीच्या इटलीत एकाच पडद्यावर येऊन गेले. पुढल्या वर्षी व्हेनिसची बक्षिसे हिटलर-मुसोलिनीच्या मर्जीने वाटली गेली, तेव्हा चिडलेल्या फ्रेंचांनी आपला वेगळा महोत्सव ठरवला. गाव कान, उद्घाटन १ सप्टेंबर १९३९. नेमक्या त्याच दिवशी जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या. महोत्सव रद्द झाला.

रेन्वारचा ‘रूल्स ऑफ द गेम’ जुलै १९३९ मध्ये पॅरिसला लागला आणि प्रेक्षकांनी हुल्लड केली. युद्ध सुरू होताच, लोकांचे मनोधैर्य खच्ची करतो म्हणून फ्रेंच सरकारनेच तो बंद पाडला. जर्मन अजून यायचे होते! जून १९४० मध्ये पॅरिस पडले आणि पांगापांग झाली. रेन्वार अमेरिकेला गेला, रने क्लेर गेला, ज्युलियँ दुव्हिव्हिए गेला, नट ज्याँ गाबँही गेला. ज्यू कलावंतांवर कायद्यानेच बंदी आली. मार्सेल कार्नेच्या चित्रपटांचे नेपथ्यकार अलेक्झांडर त्रोनेर आणि संगीतकार जोसेफ कोस्मा लपून राहून काम करत. श्रेयनामावलीत दुसऱ्याचे नाव.

जर्मनांनी पॅरिसमध्ये ‘कॉन्टिनेंटल’ नावाची कंपनी काढली. पैसा जर्मन, प्रमुख आल्फ्रेड ग्रेव्हेन जर्मन, पण नट, दिग्दर्शक, भाषा सगळे फ्रेंच. तिने तीस चित्रपट काढले. आंरी-जॉर्ज क्लूझोचा ‘ल कोर्बो’ (१९४३) त्यांतलाच: एका गावात निनावी पत्रांनी माजवलेला संशयाचा धुमाकूळ. युद्धानंतर याच चित्रपटापायी क्लूझोवर काही काळ बंदी आली.

आपल्या दृष्टीने कळीची गोष्ट पुढेच आहे. जर्मनांनी त्यांच्या ताब्यातल्या मुलखात इंग्रजी-अमेरिकी चित्रपट बंद केले. फिल्म तुटपुंजी, वीज अपुरी, लाकूड-कापडाची मारामार. तरी चित्रपटगृहे भरलेली, कारण घरी ना कोळसा ना करमणूक. आणि पडद्यावर फ्रेंच सिनेमाला जर्मन सोडता स्पर्धकच उरला नाही. चार वर्षांत तिथे दोनशेहून अधिक चित्रपट निघाले. परक्यांच्या टाचेखालच्या भाषेचा सिनेमा संख्येने तरी तगला.

मराठीचे नशीब याच्या नेमके उलटे निघाले.

एक प्रसंग, दोनदा

प्रभातच्या आवारात आज चित्रपट प्रशिक्षण संस्था आहे. १९६० मध्ये सरकारने ती इथे सुरू केली. फ्रान्सचीही चित्रपट शिक्षणसंस्था, मार्सेल लेर्बिएची ‘इडेक’, ऐन युद्धात, १९४३-४४ मध्ये जन्मली. इथल्या मुलांना जुन्या फ्लोअरवर दिवे ओढताना पाहत उभा होतो आणि प्रभातची जुनी रीत आठवत होती. प्रसंग मराठीत चित्रित व्हायचा, कॅमेरा हलवायचा नाही, दिवे तसेच, आणि तोच प्रसंग लगेच हिंदीत. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’, अशी जुळी भावंडे. कधी नट तेच, कधी वेगळे. १९४१ च्या ‘शेजारी’त मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि त्यांचा हिंदू शेजारी केशवराव दाते, हिंदी रूपात हिंदू शेजारी झाले मझहर खान. मुसलमानाची भूमिका हिंदू नटाने आणि हिंदूची मुसलमान नटाने करावी, हा दिग्दर्शक शांतारामबापूंचा आग्रह. धरणाच्या पैशापायी फूट पाडलेले हे दोन म्हातारे शेवटी फुटत्या धरणावर एकमेकांचा हात धरून मरतात. वडज-येडगावच्या पाण्यावर पिके काढणाऱ्या खोडद-नारायणगावात धरण म्हणजे समृद्धी. १९४१ च्या पडद्यावर मात्र ते भांडणाचे मूळ होते.

दोनदा चित्रण म्हणजे दुप्पट फिल्म. माल मुबलक होता तोवर हा हिशेब जमत असे, कारण सेट, कपडे, पगार एकच आणि बाजार दोन. माल मोजून मिळू लागल्यावर निर्मात्यासमोर निर्दय गणित आले. हातातला कोटा मराठी रूपावर घालवला तर चित्रपट मुंबई इलाख्यातल्या मराठी जिल्ह्यांत, वऱ्हाड-नागपुरात, फार तर निजामाच्या मराठवाड्यात फिरणार. तोच कोटा हिंदीवर लावला तर लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत. युद्धाच्या कंत्राटांतून आणि काळ्या बाजारातून आलेला नवा पैसाही गुंतायला मोठा बाजारच शोधत होता. खुद्द फिल्मच्या कोट्यालाही चोरून भाव येऊ लागला होता.

पुढे काय झाले ते चित्रपटांच्या नावांतच दिसते. प्रभातने १९४१ मध्ये ‘संत सखू’ आणि १९४२ मध्ये ‘दहा वाजता’ दोन्ही भाषांत काढले. त्यानंतरचे ‘नई कहानी’, ‘चाँद’, ‘लाखारानी’, ‘हम एक हैं’ हे सगळे केवळ हिंदी. मराठीसाठी मधे एक ‘रामशास्त्री’ (१९४४). शांतारामबापू १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले आणि परळला वाडिया मूव्हीटोनच्या जागेत राजकमल कलामंदिर काढले. पहिला चित्रपट ‘शकुंतला’ (१९४३): हिंदी. मग ‘पर्बत पे अपना डेरा’: हिंदी. मग सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांवरचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६). चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये वारलेल्या मराठी डॉक्टरचा हा चित्रपट हिंदीत आणि इंग्रजीत निघाला.

दिग्दर्शक मास्टर विनायक सर्वांत चिवट. ‘ब्रह्मचारी’, ‘ब्रँडीची बाटली’, ‘लग्न पहावे करून’, ‘अमृत’ असा त्यांचा मराठी संसार. १९४३ मध्ये त्यांनी कोल्हापुरात प्रफुल्ल पिक्चर्स काढली तीही ‘चिमुकला संसार’, ‘माझं बाळ’, ‘गजाभाऊ’ या मराठी चित्रपटांनी. पण १९४५ मध्ये तेही मुंबईला आले आणि नूरजहाँला घेऊन ‘बडी माँ’ केला, जपानी आक्रमणाच्या पार्श्वभूमीवरचा, युद्धप्रयत्नांना हातभार लावणारा हिंदी चित्रपट. १९४५-४६ या दोन वर्षांतले मराठी चित्रपट हाताच्या बोटांवर मोजता येतील.

मराठी चित्रपट कोणी बंद करा म्हटले नव्हते. तसा हुकूम निघाला असता तर त्याविरुद्ध मोर्चा तरी काढता आला असता.

सरकारशी आणि सरकारविरुद्ध

या काळातल्या माणसांना ‘सरकारचे’ आणि ‘देशाचे’ अशा दोन रांगांत उभे करणे अवघड आहे. १९४० मध्ये सरकारने युद्धप्रचारासाठी फिल्म अॅडव्हायझरी बोर्ड नेमले. अध्यक्ष जे. बी. एच. वाडिया, ते एम. एन. रॉय यांच्या विचारांचे, फॅसिझम हरलाच पाहिजे या मताचे. ‘शेजारी’ करणारे शांतारामबापूही काही काळ या बोर्डाचे प्रमुख निर्माते होते. मुंबईच्या बॉम्बे टॉकीजमधले जर्मन तंत्रज्ञ युद्ध सुरू होताच ‘शत्रूचे नागरिक’ ठरून नजरकैदेत गेले. कॅमेरामन जोसेफ विर्शिंग त्यांतला. त्याच बॉम्बे टॉकीजच्या ‘किस्मत’मध्ये (१९४३) कवी प्रदीपांचे एक गाणे परदेशीयांना हिंदुस्थानातून निघून जायला बजावत होते. त्यात नावे जर्मनी-जपानची, म्हणून सेन्सॉरने सोडले. प्रेक्षकाला मात्र तिसरे नाव न सांगताच ऐकू जात होते.

फ्रान्समध्येही हीच तऱ्हा. कार्नेने ‘ले व्हिझितर द्यु स्वार’ (१९४२) मध्ययुगात नेऊन ठेवला. सैतान प्रेमिकांना दगड करतो, तरी त्यांची हृदये धडधडत राहतात. हा सैतान कोण, हे पॅरिसच्या प्रेक्षकाला सांगावे लागले नाही. आपल्याकडे मध्ययुगाचा शोध घ्यायची गरज नव्हती, पेशवाई आणि शिवकाळ हाताशी होते. भालजी पेंढारकरांनी १९४३ मध्ये शिवरायांच्या हेरावर ‘बहिर्जी नाईक’ काढला. शिवनेरीच्या पायथ्याच्या मुलखात अशा चित्रपटाला टीप लागत नाही. आणि १९४४ चा ‘रामशास्त्री’! नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश. ऑगस्ट १९४२ नंतर हजारो माणसे खटल्याविना तुरुंगात असताना, सत्ताधाऱ्याला शिक्षा सुनावणारा रामशास्त्री प्रभातने पडद्यावर उभा केला. चित्रपटात इंग्रजांचे नाव घ्यायची गरजच नव्हती.

काहींनी पडद्याची वाट पाहिली नाही. २४ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या लष्कर भागातल्या कॅपिटॉल चित्रपटगृहात, गोऱ्या सैनिकांच्या गर्दीत, स्फोट झाले. काही सैनिक ठार झाले. कट रचणाऱ्या तरुणांत दारूगोळा कारखान्यातला भास्कर कर्णिक होता. पकडला गेल्यावर साथीदारांची नावे बाहेर पडू नयेत म्हणून त्याने फरासखाना पोलीस ठाण्यात विष घेतले. हेच चित्रपटगृह पुढे ‘व्हिक्टरी’ नावाने पुणेकरांना माहीत झाले.

पुन्हा तंबूकडे

१९४७ मध्ये मराठी सिनेमाने पुन्हा श्वास घेतला. दिनकर द. पाटलांचा ‘जय मल्हार’ आला आणि राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’. लावण्या रचणारा, फडावर उभा राहणारा ब्राह्मण शाहीर. गाणी गदिमांची, सोबत हंसा वाडकर. दोन्ही चित्रपट जोरात चालले आणि धंद्याला वाट सापडली. शहरातला मध्यमवर्गीय प्रेक्षक युद्धाच्या वर्षांत हिंदीला सरावला होता. हिंदी ज्याला पुरेशी आपली वाटत नव्हती, तो प्रेक्षक गावात होता, तंबूत होता, तमाशाच्या शेजारी होता. त्याच्यासाठी पाटील, सरपंच, नाच्या, सोंगाड्या पडद्यावर आले. १९५९ मध्ये अनंत मानेंचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. तमाशापट ही मराठी सिनेमाची आवड म्हणून सांगितली जाते. मला तो युद्धाने बदललेल्या बाजाराचा परिणाम वाटतो. नारायणगावच्या फडाने तेव्हा मराठी सिनेमाला आसरा दिला, असे म्हणायलाही हरकत नाही.

या आसऱ्यालाही मर्यादा होत्या. अत्रे-विनायकांचा खट्याळ शहरी विनोद, ‘कुंकू’-‘माणूस’चा सामाजिक धीटपणा हा धागा त्या काही वर्षांत तुटला तो बराच काळ सांधला गेला नाही. त्या काळच्या कितीतरी फिल्म आता पाहायलाही मिळत नाहीत. नायट्रेटची फिल्म पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेटच्या कोठाराला लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांची शेकडो-हजारो रिळे जळाली. पॅरिसमध्ये चित्रपट-संग्राहक आंरी लांग्लुआने जर्मनांच्या नाकाखाली डबे लपवून वाचवले. आपल्याकडचे काही युद्धानंतर, शांततेत गेले.

तंबूही आता थोडे उरलेत. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कानला दाखवला गेला आणि तिथे त्याची विशेष दखल घेतली गेली.

तिकिटातला वाटा

युद्ध संपल्यावर फ्रान्सने काय केले, हे पाहण्याजोगे आहे. १९४६ च्या करारानुसार अमेरिकी चित्रपटांसाठी दारे उघडावी लागली, त्याविरुद्ध पुढे फ्रेंच कलावंत रस्त्यावर उतरले. १९४६ मध्येच तिथे राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन झाले. १९४८ च्या कायद्याने प्रत्येक तिकिटातला वाटा फ्रेंच निर्मितीकडे वळवला. अमेरिकी चित्रपटाच्या तिकिटातलाही. त्या केंद्राच्या मुळाशी युद्धकाळात चित्रपटधंद्याचे नियमन करायला नेमलेल्या समितीची यंत्रणा होती. टंचाईच्या काळात उभारलेली व्यवस्था त्यांनी शांततेत स्वभाषेच्या कामाला जुंपली.

आपल्याकडे १९४५ मध्ये परवाने उठले आणि सगळे बाजारावर सोपवले गेले. मराठी राज्य यायला १९६० उजाडले, मराठी चित्रपटांसाठी करपरताव्याची योजना यायला १९७५. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटाला गर्दीच्या वेळचा खेळ द्यावा असे सरकारने सांगितले, त्यावर गदारोळ झाला आणि वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करावी लागली.

कोरी फिल्म आता लागत नाही, मोबाइलवर चित्रपट निघतो. मोजून मिळणारी वस्तू बदलली आहे. तेव्हा फूट होते, आता पडदे आणि वेळा आहेत. ज्याच्या हाती मोजमाप, तो भाषेला मज्जाव करत नाही. नफ्याचा हिशेब मांडतो आणि लहान भाषा आपोआप रांगेत मागे सरकते. फ्रेंचांनी हे १९४८ मध्ये ओळखले आणि कायदा केला. खोडदच्या माणसाला मराठी चित्रपट मोठ्या पडद्यावर, संध्याकाळी, कामे आटोपल्यावर पाहायचा असेल तर आपल्यालाही बाजाराच्या भलाईवर विसंबून चालणार नाही. तिकिटातला वाटा कोणाकडे जातो, हे विचारावे लागेल.